सुटे भाग बंद झालेली हत्यारे : वाचकांचे प्रश्न

या खेपेस आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच निघाला : विजेवर चालणारे जुने हत्यार बिघडले आहे आणि त्याचे सुटे भाग कंपनीने बंद केले आहेत. म्हणून इतर विषयांची पत्रे राखून ठेवून हे सदर या एकाच विषयाला दिले आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांनी वापरलेले १३ मिलिमीटर चकचे ड्रिल मशीन अजून माझ्याकडे आहे. अलीकडे ते चालू केले की घरघर येते, मागच्या झरोक्यांतून ठिणग्या दिसतात आणि थोड्याच कामात अंग तापते. दुरुस्ती केंद्रात 'या मॉडेलचे भाग बंद झाले, नवे घ्या' एवढेच उत्तर मिळाले. बाकी मशीन ठणठणीत आहे. ते खरोखरच टाकून द्यावे का? (एक वाचक, सुतारकाम)

उत्तर : उघडून पाहिल्याशिवाय टाकू नये. 'भाग बंद झाले' या वाक्याचा अर्थ आपण समजतो त्यापेक्षा बराच लहान आहे. कंपनीच्या यादीतला क्रमांक हा त्या कंपनीने त्या भागाला स्वतःच्या सोयीसाठी दिलेला असतो, आणि त्या क्रमांकाने माल पुरवणे तिने थांबवले, इतकेच ते वाक्य सांगते. हत्यारे बनवणाऱ्या कंपन्या बेअरिंग, ओ-रिंग, सर्क्लिप, कॅपॅसिटर, वायर हे सारे सहसा बाहेरूनच घेतात. कार्बनही (मोटरच्या फिरत्या भागाला टेकून त्याला वीज पोहोचवणारा लहान ठोकळा) बहुधा बाहेरचाच असतो. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा ट्रिगर असलेल्या ड्रिलचे पेटंट ब्लॅक अँड डेकरला १९१७ साली मिळाले, आणि तेव्हापासून तारेच्या ड्रिलची मूळ रचना फारशी बदललेली नाही. त्यामुळे जुन्या मशीनमधले निम्म्याहून अधिक भाग आजही मापावर मिळतात. माप घेण्यासाठी जुना भाग हातात हवा, मग तो तुटका का असेना. म्हणून दुरुस्ती पूर्ण होऊन मशीन चार दिवस चालेपर्यंत त्यातला एकही तुकडा फेकू नये.

आपण सांगितलेली तिन्ही लक्षणे बेअरिंग आणि कार्बन या दोन जागांची आहेत. प्लग काढून मशीन उघडावे. पहिले झाकण निघताच आहे त्या स्थितीत छायाचित्र घ्यावे, विशेषतः वायरी कोठून कशा वळवल्या आहेत याचे, कारण दोन्ही अर्ध्या कवचांच्या मध्ये वायर चेंगरणे हा जोडणीतला सर्वांत नेहमीचा आणि सर्वांत घातक दोष आहे. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. एका पुठ्ठ्यावर मशीनची आकृती काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवावा.

बेअरिंगच्या कडेवर कोरलेला आकडा हत्याराच्या कंपनीचा नसतो. तो सर्व जगात चालणाऱ्या मापपद्धतीचा असतो. ६०८ असेल तर आतले भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२ आणि जाडी ७, मग ते बेअरिंग कोणीही आणि कोणत्याही साली बनवलेले असो. ६२७ म्हणजे ७, २२, ७. ६००० म्हणजे १०, २६, ८. ६२०१ म्हणजे १२, ३२, १०. हातातल्या हत्यारांचा बहुतेक कारभार अशा मोजक्याच आकड्यांत आटोपतो. आकडा घासून गेला असेल तर व्हर्निअर कॅलिपरने ही तीन मापे घेतली की आकडा सापडतो. आकड्यामागून येणारी अक्षरेही वाचावीत. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणे आणि २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. भुसा आणि सिमेंटची धूळ ज्याच्या वाट्याला येते त्या हत्यारात मी रबरी सीलच पसंत करतो. सी३ याचा अर्थ आत नेहमीपेक्षा थोडी अधिक मोकळीक ठेवली आहे. आर्मेचर, म्हणजे मोटरचा तारेच्या वेढ्यांचा फिरणारा भाग, तापून शाफ्ट फुगतो तेव्हा ती उपयोगी पडते, म्हणून जुन्यावर सी३ असेल तर नव्यावरही ते असावे.

बेअरिंग काढण्यासाठी पुलर वापरावा. बसवताना शाफ्टवर बसवायचे असेल तर जोर आतल्या कड्यावर द्यावा, आणि घरात, म्हणजे कवचातल्या त्याच्या खोबणीत, बसवायचे असेल तर बाहेरच्या कड्यावर. याच्या उलट केले तर तो जोर गोळ्यांमधून जातो, कड्यांवर गोळ्यांचे ठसे उमटतात आणि नवे बेअरिंग पहिल्या दिवसापासून घरघरू लागते. कवचात बेअरिंगच्या बाहेर एखादी रबरी टोपी असेल तर तिच्याकडेही लक्ष द्यावे. ती कडक होऊन तडकली की बाहेरचे कडे घरातच फिरू लागते आणि प्लास्टिक वितळते. पुष्कळ मशीन बेअरिंगने नव्हे, या टोपीने मेलेली मी पाहिली आहेत.

आर्मेचर बाहेर आलेच आहे तर त्याच्या पत्र्यांच्या अंगावर कोठे घासल्याची चकाकी दिसते का ते पाहावे. दिसली तर बेअरिंग इतके झिजले होते की आर्मेचर फील्डला, म्हणजे भोवतालच्या स्थिर भागाला, चाटत होते, आणि ही दुरुस्ती वेळेवर झाली असे समजावे. कम्युटेटरचा, म्हणजे कार्बन ज्यावर टेकतो त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोल भागाचा, रंग एकसारखा तपकिरी, चॉकलेटसारखा असेल तर ते निरोगीपणाचे लक्षण आहे, तो घासून चकचकीत करण्याच्या मोहात पडू नये. मात्र ठरावीक अंतरावरच्या एखाददुसऱ्या पट्टीवरच काळा डाग असेल तर दोष कार्बनचा नसून त्या पट्टीला जोडलेल्या कॉइलचा असण्याचा संभव अधिक आहे.

प्रश्न : माझ्या ग्राइंडरचा कार्बन संपला. नेमक्या मापाचा मिळत नाही, थोडा मोठा मिळतो. तो घासून लहान केला तर चालेल का? एका ओळखीच्याने टॉर्चच्या सेलमधली कांडी कापून बसवण्याचाही सल्ला दिला आहे. (एक वाचक, फॅब्रिकेशन)

उत्तर : पहिली युक्ती योग्य आहे, दुसरी करू नये.

कार्बन मोटरमध्ये आला तो वीज अभियंता जॉर्ज फोर्ब्ज यांच्या १८८५ सालच्या पेटंटनंतर; त्याआधी तांब्याच्या तारांचे खरोखरीचे ब्रशच कम्युटेटरवर टेकवत, आणि 'कार्बन ब्रश' हे नाव तेव्हाचेच उरले आहे. कार्बनचा गुण असा की तो वीज वाहतो, पण फार सहजपणे नाही. कम्युटेटरच्या दोन पट्ट्या एकाच वेळी ब्रशखाली येतात त्या क्षणी हाच थोडासा अडथळा ठिणगी आवरून धरतो. म्हणून २३० व्होल्टच्या मोटरसाठी कार्बनाचा प्रकार वेगळा आणि गाडीच्या स्टार्टरसाठी वेगळा. स्टार्टरच्या कार्बनात तांब्याची भुकटी मिसळलेली असते, तो तांबूस दिसतो आणि कमी व्होल्ट, जास्त अँपिअर यांसाठीच असतो. तो ग्राइंडरला घातला तर ठिणग्यांचे कडे उठून कम्युटेटर जळतो. सेलमधल्या कांडीचे तर ना काठिण्य ठरलेले, ना रोध.

तेव्हा आपल्याच प्रकारच्या मोटरचा, थोडा मोठा कार्बन घ्यावा. सपाट काचेवर बारीक काच कागद पसरून त्यावर कार्बन आठच्या आकड्याच्या रेषेत हलक्या हाताने घासावा आणि दर थोड्या वेळाने होल्डरमध्ये घालून पाहावा. तो आपल्या वजनाने सरकला पाहिजे, पण डुलता कामा नये. ०.१ ते ०.२ मिलिमीटर मोकळीक पुरे. घट्ट राहिला तर तापल्यावर अडकतो आणि स्प्रिंग असूनही कम्युटेटरपासून सुटतो; फार सैल झाला तर तिरपा बसतो. कार्बनच्या पाठीतली विणलेली तांब्याची शेपटी ज्याला नाही असा कार्बन शेपटीवाल्याच्या जागी घालू नये, कारण मग सगळी वीज स्प्रिंगमधून जाते, स्प्रिंग तापून तिचा ताण जातो आणि दोष पुन्हा कार्बनच्या माथी मारला जातो. काही कार्बनांच्या पोटात एक लहान स्प्रिंग आणि इन्सुलेटरची खुंटी असते. कार्बन झिजला की ती बाहेर येऊन मशीन आपोआप थांबवते. अशा जागी साधा कार्बन चालतो, मात्र तो ५-६ मिलिमीटरवर आला की आपणच लक्षात ठेवून बदलला पाहिजे. दोन्ही कार्बन नेहमी एकदम बदलावेत.

नव्या कार्बनचे तोंड सपाट असते आणि कम्युटेटर गोल. कम्युटेटरभोवती बारीक काच कागदाची पट्टी, खरखरीत बाजू बाहेर ठेवून, गुंडाळावी, कार्बन जागेवर बसवावेत आणि आर्मेचर हाताने फिरवावे. तोंडाला गोलाई येते. नंतर सगळी भुकटी फुंकून काढावी. येथे एमरी पेपर वापरू नये, त्याचे कण वीजवाहक असू शकतात आणि पट्ट्यांमधल्या खाचांत अडकतात. सुरुवातीच्या दिवसांत मी स्वतः एमरीने कम्युटेटर 'स्वच्छ' केला होता. मशीन चालू करताच निळ्या ठिणग्यांचा जो चक्राकार देखावा झाला त्यातून धडा मिळाला, पण आर्मेचर गेले.

प्रश्न : जुन्या गोल करवतीचे आर्मेचर जळले आहे. नवे मिळत नाही. रिवाइंडिंग केलेले आर्मेचर टिकत नाही असे पुष्कळजण म्हणतात. हे खरे आहे का? (एक वाचक)

उत्तर : निष्काळजीपणे केलेले टिकत नाही, आणि दुर्दैवाने बरेचसे तसेच केलेले असते. फील्ड कॉइल गुंडाळणे तुलनेने सोपे आहे. आर्मेचर मिनिटाला २० हजारांहून अधिक फेऱ्या घेते, आणि तेथे प्रत्येक चूक केंद्रोत्सारी बळाने वाढवून समोर येते.

जुनी तार उकलण्यापूर्वी जी नोंद करायची तीच या कामाचा प्राण आहे. खाचा किती, कम्युटेटरच्या पट्ट्या किती (१२ खाचा आणि २४ पट्ट्या ही जोडी नेहमी आढळते), प्रत्येक कॉइलचे वेढे किती, कॉइल किती खाचा ओलांडून बसते, आणि त्या कॉइलची टोके नेमक्या कोणत्या पट्ट्यांवर जातात. हा शेवटचा मुद्दा सर्वांत जास्त चुकतो. टोके खाचेच्या सरळ रेषेतल्या पट्टीवर न जाता बहुधा एक-दोन पट्ट्या बाजूला सरकवलेली असतात आणि ते सरकवणे फिरण्याच्या दिशेवर अवलंबून असते; ते चुकले तर मोटर फिरते, पण ठिणग्या काही केल्या थांबत नाहीत. कारागिराला काम देताना 'ही नोंद मला दाखवा' असे म्हणावे. जो दाखवतो त्याच्याकडेच काम द्यावे, असे माझे मत आहे.

तारेची जाडी इनॅमल काढून मायक्रोमीटरने मोजावी. ०.४५ मिलिमीटरच्या जागी ०.४० ची तार घातली तर डोळ्याला फरक जाणवत नाही, पण छेदाचे क्षेत्रफळ सुमारे २१ टक्क्यांनी घटते आणि तेवढ्याच वेढ्यांना रोध सुमारे २७ टक्क्यांनी वाढतो. करवत लाकडात रुतली की हाच फरक धुराच्या रूपाने दिसतो.

आणखी एक गोष्ट, जी मला वाटते पुरेशी कोणी सांगत नाही. दुहेरी इन्सुलेशनच्या हत्यारात, म्हणजे ज्याच्या अंगावरच्या माहितीपट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण असते त्यात, आर्मेचरचे पत्रे आणि शाफ्ट यांच्यामध्ये बहुधा इन्सुलेशनची नळी असते. जुनी तार लवकर निघावी म्हणून आर्मेचर आगीत तापवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. त्यात ती नळी जळते, आणि नंतर मशीन उत्तम चालत असूनही धातूचा स्पिंडल एका थरानेच विजेपासून वेगळा उरतो. तार कापून, उपटूनच काढायला सांगावे.

गुंडाळल्यावर वॉर्निश भट्टीत पूर्ण सुकवणे, कम्युटेटरवर लेथने हलका काप घेणे, पट्ट्यांमधला अभ्रक तांब्याच्या खाली सुमारे अर्धा मिलिमीटर खोल खरवडणे आणि शेवटी तोल साधणे, एवढे झाले पाहिजे. पत्र्यांवर दिसणाऱ्या आडव्या खाचा कारखान्यात तोल साधण्यासाठीच काढलेल्या असतात; नव्या वेढ्यांना तो जुना तोल लागू पडत नाही. तयार आर्मेचर घेताना मल्टिमीटरने शेजारशेजारच्या पट्ट्यांमधला रोध सगळीकडे फिरवून पाहावा. आकडा किती आहे यापेक्षा तो सर्वत्र सारखा आहे का हे महत्त्वाचे. ग्राउलरवर (आर्मेचरमधला शॉर्ट दाखवणाऱ्या यंत्रावर) ठेवून घेतलेली चाचणी याहून खात्रीची असते, आणि चांगल्या कारागिराकडे ते यंत्र असतेच.

मात्र आर्मेचर का जळले, हे आधी शोधावे. झरोके भुशाने बुजलेले, पाते बोथट, बेअरिंग घट्ट यांपैकी काहीतरी सापडेल. ते तसेच ठेवून नवे आर्मेचर बसवणे म्हणजे त्यालाही त्याच वाटेने पाठवणे आहे.

प्रश्न : ड्रिलच्या मोठ्या गिअरचे दाते गेले आहेत. लेथवाल्याकडून गिअर बनवून घेता येईल का? त्यासाठी कोणती मापे द्यावीत? (एक वाचक)

उत्तर : येईल, पण तो लेथचा नसून गिअर कापणाऱ्याचा विषय आहे, आणि मापांपेक्षा नमुना देणे श्रेयस्कर. पुस्तकातले सूत्र सांगते की सरळ दात्यांच्या गिअरच्या बाहेरच्या व्यासाला (दात्यांची संख्या अधिक २) या बेरजेने भागले की मॉड्यूल, म्हणजे दात्याच्या आकाराचे माप, मिळते. हत्यारांत ते दोन कारणांनी फसवते. एक तर दाते बहुधा तिरपे असतात आणि तिरपेपणाचा कोन हिशेबात घ्यावा लागतो. दुसरे, आर्मेचरच्या शाफ्टवर कापलेल्या पिनियनला, म्हणजे लहान गिअरला, पाच-सहाच दाते असतात. इतक्या कमी दात्यांची मुळे कमकुवत होऊ नयेत म्हणून त्यांचा आकार मुद्दाम बाहेर सरकवलेला असतो आणि कधी कधी मोठ्या गिअरचा त्याच्या उलट आत. म्हणून तुटका गिअर, आर्मेचर आणि शक्य असल्यास दोन्ही ज्या घरात बसतात ते गिअर-हाउसिंग अशा तिन्ही वस्तू कारागिराच्या हाती द्याव्यात. दोन शाफ्टच्या मध्यांतले अंतर बदलता येत नाही. त्यावरून तो बाकीचे जुळवू शकतो. तिरप्या दात्यांची दिशा उजवी की डावी हे त्याने लिहून घेतले आहे का, ते आवर्जून पाहावे.

पोलाद ईएन२४ किंवा कठीण पृष्ठभाग देता येईल अशा जातीचे असावे आणि कापल्यानंतर त्यावर उष्णोपचार झाला पाहिजे. साध्या माइल्ड स्टीलचा गिअर दिसायला तसाच असतो, पण पिनियन त्याला खाऊन टाकतो. पिनियनचेच दाते धारदार, सुरीसारखे झाले असतील तर केवळ मोठा गिअर बदलून उपयोग नाही.

जुना गिअर नायलॉनचा असेल तर? तो लोखंडाचा करून मशीन 'कायमचे मजबूत' करण्याची कल्पना मोहक आहे, परंतु तो गिअर बहुधा मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. बिट अडकले की तो मोडतो आणि आर्मेचर वाचते. तो नायलॉनचाच करून घ्यावा. ग्रीस गिअर-हाउसिंगच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत भरावे. गच्च भरले तर ते तापते आणि सीलमधून मोटरकडे निघते.

प्रश्न : रोटरी हॅमर फिरतो, पण ठोकत नाही. सर्व्हिस किट बंद झाले आहे. (एक वाचक, प्लंबिंग)

उत्तर : आपल्या हॅमरमध्ये मोटर थेट ठोकत नाही. ती पिस्टन मागेपुढे करते, पिस्टन आणि पुढचा लोखंडी ठोकळा यांच्यात कोंडलेली हवा दाबली जाते, आणि ती हवा ठोकळ्याला बिटकडे भिरकावते. ही हवा कोंडून धरण्याचे काम एक-दोन ओ-रिंगा करतात. त्या झिजल्या की हवा निसटते आणि ठोका संपतो. आपल्या वर्णनावरून बिघाड तेथेच असावा. किट बंद झाले असले तरी ओ-रिंग आतला व्यास आणि दोरीची जाडी या दोन मापांवर कोठेही मिळते. ही मापे जुन्या रिंगवरून घेऊ नयेत, कारण ती ग्रीसमध्ये फुगलेली आणि वापराने चपटी झालेली असते. ज्या खाचेत ती बसते त्या खाचेचा तळव्यास, रुंदी आणि सिलिंडरचा आतला व्यास मोजावा, आणि रिंग बसल्यावर साधारण १० ते १५ टक्के दबेल अशी जाडी निवडावी. १.७८, २.६२, ३.५३ मिलिमीटर ही इंची मालिकेतली जाडी आहे. मेट्रिकमध्ये २, २.५, ३ अशी मिळते. येथे उष्णता बरीच असते. साधे नायट्राइल रबर सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, व्हायटॉन २०० च्या आसपास, म्हणून थोडे शोधावे लागले तरी व्हायटॉनच घालावे. उघडलेच आहे तर जुने ग्रीस पूर्ण पुसून काढावे. घट्ट होऊन गोंदासारखे झालेले ग्रीसही ठोका बंद पाडते.

प्रश्न : स्विचऐवजी साधे बटण लावले तर चालेल का? (एक वाचक)

उत्तर : बोट उचलताच जे बंद होते असेच बटण हवे. भिंतीवरच्या दिव्यासारखे एकदा लावले की चालूच राहणारे बटण हातातल्या हत्याराला लावणे मी धोक्याचे मानतो. हत्यार हातातून सुटले तर ते जमिनीवर नाचत राहते. स्विचचे व्होल्ट आणि अँपिअर मूळच्याइतके किंवा अधिक असावेत. बॅटरीच्या हत्यारासाठी एसीचा स्विच घेऊ नये. ५० हर्ट्झच्या एसीत प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि संपर्क सुटताना उठणारी ज्योत आपोआप विझते. डीसीत ती विझण्याचे कारणच नसते, त्यामुळे तोच स्विच तेथे जळतो किंवा चिकटून चालूच राहतो.

प्रश्न : १८ व्होल्टच्या जुन्या कॉर्डलेस ड्रिलचा निकेल-कॅडमिअम बॅटरी पॅक बंद झाला. त्यात लिथिअमचे सेल घालता येतील का? (एक विद्यार्थी)

उत्तर : युरोपीय संघाने २०१६ अखेरपासून कॉर्डलेस हत्यारांतही निकेल-कॅडमिअमच्या विक्रीला बंदी केली, त्यानंतर असे पॅक दुर्मिळ होत गेले. सर्वांत सरळ मार्ग म्हणजे त्याच आकाराचे निकेल-मेटल हायड्राइड सेल घालणे. आपल्या पॅकमध्ये प्रत्येकी १.२ व्होल्टचे १५ सेल असतील, बहुधा २२-२३ मिलिमीटर व्यासाचे आणि ४३ उंचीचे. ते पत्रीसह विकत घ्यावेत. सेलच्या अंगावर थेट सोल्डरचा डाग देऊ नये, उष्णतेने आतले सील खराब होते. जुना चार्जर तापमान पाहून थांबणारा असेल तर तो चालतो, त्यासाठी पॅकमधला तापमानाचा सेन्सर त्याच जागी सेलला चिकटवून परत बसवावा. नुसता रात्रभर सुरू राहणारा चार्जर असेल तर वेळ मोजून आपणच काढावा.

लिथिअमचे हिशेब जुळतात खरे : ३.६ व्होल्टचे ५ सेल म्हणजे १८, पूर्ण भरल्यावर २१. पण जुना चार्जर त्यांना लावता येत नाही, कोणत्याही परिस्थितीत नाही. त्याला कोठे थांबायचे हे कळत नाही आणि जास्त भरलेला लिथिअम सेल पेट घेतो. ५ सेलचे संरक्षक सर्किट, ड्रिलच्या झटक्याचा प्रवाह पेलणारे सेल आणि लिथिअमसाठीचाच चार्जर या तिन्हींची सोय असेल आणि स्पॉट वेल्डिंगची सवय असेल तरच त्या वाटेला जावे. प्रयोग म्हणून पहिला पॅक करणाऱ्याला मी हा सल्ला देणार नाही.

प्रश्न : १२५ मिलिमीटर ग्राइंडरचे गार्ड हरवले. बंद मॉडेल असल्याने मिळत नाही. गार्डशिवाय जपून वापरला तर? (एक वाचक)

उत्तर : नाही. ८० मीटर प्रति सेकंद ही डिस्कच्या कडेच्या वेगाची नेहमीची मर्यादा आहे. १२५ मिलिमीटर डिस्कला ती मिनिटाला सुमारे १२,२०० फेऱ्यांवर गाठली जाते. त्या वेगाने सुटलेल्या तुकड्यापुढे जपणे उपयोगाचे नाही. त्याच मानेच्या व्यासाचे दुसऱ्या मॉडेलचे गार्ड घट्ट बसत असेल तर घ्यावे. पत्रा वाकवून घरी बनवू नये. बाकी बहुतेक भागांच्या बाबतीत मी जुगाडाला मोकळीक देतो. गार्ड, फ्लँज (डिस्क आवळून धरणाऱ्या चकत्या) आणि स्पिंडलचे आटे यांना ती नाही.

प्रश्न : दुरुस्त केलेले मशीन सुरक्षित आहे हे घरच्या घरी कसे ओळखावे? (एक वाचक)

उत्तर : पहिल्यांदा थेट प्लगमध्ये घालू नये. १०० किंवा २०० वॅटचा तारेचा बल्ब मशीनच्या सिरीजमध्ये जोडावा. एलईडी येथे चालत नाही. बल्ब मंद आणि मशीन सावकाश फिरू लागले तर ठीक, बल्ब लख्ख पेटला आणि मशीन स्तब्ध राहिले तर आत शॉर्ट आहे आणि फ्यूज उडण्यापूर्वीच ते कळले. त्यानंतर ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजण्याच्या उपकरणाने), ट्रिगर दाबून धरून, प्लगच्या दोन्ही पिना एकत्र आणि बाहेरचा धातू यांच्यामधले इन्सुलेशन पाहावे. ते २ मेगाओमच्या खाली आले तर मशीन वापरू नये; चांगल्या मशीनवर ते याच्या दहापट-शंभरपट असते. मेगर नसेल तर हे एक काम कारागिराकडून करून घ्यावे. साध्या मल्टिमीटरच्या ९ व्होल्टला ओलसर इन्सुलेशनही निर्दोष दिसते. जुन्या धातूच्या अंगाच्या मशीनला तीन तारांची वायर आणि जोडलेले अर्थिंग हवेच.

मोटर उलटी फिरली तर घाबरू नये, कार्बनकडे जाणाऱ्या दोन वायरींची अदलाबदल झालेली असते. ती तशीच चालवू मात्र नये; कार्बनची जागा एकाच दिशेसाठी ठरवलेली असते आणि उलट दिशेला ठिणग्या वाढतात.

प्रश्न : माझ्याच मॉडेलचे एक बंद पडलेले मशीन मिळते आहे. भागांसाठी घेऊन ठेवावे का? (एक वाचक)

उत्तर : अवश्य, आणि घेताना पट्टीवरचा मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून पाहावा. एकाच नावाखाली पुढच्या आवृत्तीत आर्मेचरची लांबी किंवा पिनियनचे दाते बदललेले असतात. कंपनीची भागांची आकृती मिळाली तर तेच भागक्रमांक आणखी कोणत्या मॉडेलमध्ये आहेत हेही पाहावे, म्हणजे शोधाचे क्षेत्र वाढते. घरी आणल्यावर ते अखंड ठेवून देण्यापेक्षा लगेच उघडावे. आर्मेचर, फील्ड, गिअर, कवचाचे दोन्ही अर्धे आणि स्विच तपासून, ओलावा लागणार नाही असे बांधून ठेवावेत. रबरी टोप्या, सील आणि ओ-रिंगा जपून ठेवण्यात अर्थ नाही. त्या वापरात नसतानाही कडक होतात.